विमान हाउसफुल्ल, गल्ला रिकामा

विमानाच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, वर वेटिंगही होतं, आणि तरी त्या फेरीत तोटाच झाला, हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये ऐकलं. सांगणाऱ्याच्या आवाजात दुःख नव्हतं, नवल तर मुळीच नव्हतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय निघाला. मी मात्र वहीत ते वाक्य लिहून त्यापुढे तीन प्रश्नचिन्हं काढली.

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आमच्याकडे जेवताना भारमानाच्या, म्हणजे गाडी किती भरली याच्या, गप्पा चालायच्या. भारमान चढलं की आगारात आनंद, घसरलं की फेरी बंद होणार म्हणून गावकऱ्यांची निवेदनं. एवढ्या शिदोरीवर आणि संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.वर मी अंधेरीत एका विमान कंपनीच्या 'नेटवर्क प्लॅनिंग' विभागात रुजू झाले. कोणतं विमान कुठून कुठे, आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता जाणार, हे तिथे ठरतं. साहेबांनी पहिलं काम दिलं ते असं: "मुंबई-न्यूयॉर्क, नॉनस्टॉप, रोज. धंदा बसतो का बघ."

मी सरळ प्रवासी मोजायला बसले. साहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रवासी नंतर. आधी विमानं मोज. किती लागतील?"

रोज एक फेरी, म्हणजे एक विमान. आणखी काय?

पण न्यूयॉर्क मुंबईपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. जाताना वारा तोंडावर, म्हणून साधारण सोळा तास. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून चौदा-साडेचौदा. दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, तपासणी, माणसांची चढउतार यांत मिळून पाचेक तास जातात. एक चक्कर पस्तीस तासांची होते आणि दिवस तर चोवीसच तासांचा. पहिलं विमान मुंबईत परतायच्या आत दुसरं निघालेलं हवं. रोजच्या एका फेरीसाठी दोन विमानं अडकतात आणि उरलेल्या तासांत त्यांना कुठे पिटाळायचं हा वेगळाच घोर. शिवाय एवढ्या लांबच्या उड्डाणाला दोन वैमानिक चालत नाहीत, चार लागतात. ते तिकडे पोचले की लगेच परत फिरत नाहीत. त्यांची झोप, हॉटेल, भत्ता. तेच विमान दुबईला पाठवलं तर तीन तासांत पोचतं, दिवसभरात पुन्हा पुन्हा ये-जा करतं आणि दर खेपेला नवी तिकिटं विकून आणतं. न्यूयॉर्कच्या फेरीने नुसती आपली कमाई दाखवून भागत नाही. त्या तासांत विमानाने दुसरीकडे जे कमावलं असतं त्याच्याही वर ती निघावी लागते. हे कळेपर्यंत माझा चहा गार झाला होता.

मग इंधन. ते मला डिस्पॅच विभागातल्या एका इंजिनिअरने समजावलं. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान जास्तीत जास्त साडेतीनशे टनांच्या आसपास वजन घेऊन उडू शकतं. त्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर १,८१,००० लिटरहून जास्त, म्हणजे जवळपास १४५ टन इंधन मावतं. न्यूयॉर्कला निघताना त्या टाक्या जवळजवळ भराव्याच लागतात. धावपट्टी सोडताना विमानाच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून जास्त इंधनच असतं. आणि सुरुवातीचे कित्येक तास विमान मुख्यतः काय वाहून नेतं? शेवटच्या तासांत जाळायचं इंधन. अंदाज असा की जे काही जादा वजन चढवाल, त्याच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला निव्वळ ते वजन वाहण्यापायी जळतं. सोळा तासांच्या प्रवासात एक टन माल जास्त चढवला की जवळपास अर्धा टन इंधन वाढतं.

"मग मध्ये कुठेतरी उतरून भरून घेतलं तर?" मी विचारलं.

"इंधन वाचेल," तो म्हणाला. "पण मग नॉनस्टॉप म्हणून जास्त पैसे कोण देईल?"

त्याच्या टेबलावर एक छापील तक्ता होता: आडव्या बाजूला प्रवासाचे तास, उभ्या बाजूला किती वजन नेता येईल ते. सुरुवातीला रेघ आडवी जात होती, आणि एका ठिकाणाहून ती जी खाली वळली ती घसरगुंडीसारखी. त्या वळणापुढे प्रवास एक तासाने वाढला की सात-आठ टन इंधन जास्त घ्यायचं आणि तेवढंच काहीतरी खाली उतरवायचं. मे महिन्यात मुंबईत दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, तेव्हा रेघ आणखी आधीच वळते. लांबची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात त्याचं हे एक कारण आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रवाशांची झोपमोड हा कंपन्यांचा दुष्टपणा असावा, असंच घरीदारी सगळे समजतात.

या तक्त्याकडे बघता बघता खुर्च्या विकण्याचा धंदा मला वजन विकण्याचा वाटायला लागला, आणि सिंगापूर एअरलाइन्सची गोष्ट कळली. त्यांनी २००४ मध्ये सिंगापूर ते नेवार्क हे थेट उड्डाण सुरू केलं, एअरबस ए३४०-५०० या चार इंजिनांच्या विमानाने. अंतर पंधरा हजार किलोमीटरच्या वर. खुर्च्या १८१. इतक्या लांबच्या उड्डाणात जास्त खुर्च्या बसवून भाडं वसूल करावं असं माझ्यासारखी म्हणेल. त्यांनी २००८ मध्ये खुर्च्या कमी करून १०० वर आणल्या, सगळ्या बिझनेस क्लासच्या. तरीही चार इंजिनांचं पोट आणि तेलाचे भाव यांच्यापुढे २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सेवा बंद पडली. २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली ती दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआरने. त्यात १६१ खुर्च्या: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी एकही नाही. त्याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या नेहमीच्या ए३५० मध्ये अडीचशेच्या वर खुर्च्या आहेत. म्हणजे शंभराच्या आसपास गिऱ्हाइकं त्यांनी आपणहून नाकारली, कारण ती आपल्या वजनाचं इंधन भरून काढण्याइतकं भाडं देणारी नव्हती. ती चढली असती तर विमान पोचलंच नसतं, किंवा पोचलं असतं आणि कंपनी बुडाली असती.

बाबांना हे फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे उभ्याने प्रवासी घेत नाहीत म्हण की."

आता भाड्याकडे. आमच्या मजल्यावर प्राइसिंगच्या टेबलावर एक बाई बसत. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्या स्क्रीनवर एकाच इकॉनॉमी केबिनची दहा-बारा अक्षरं असत: वाय, बी, एम, एच, क्यू... प्रत्येक अक्षर म्हणजे एक भाव. खुर्ची तीच, जेवणाचा ट्रे तोच, पुढच्याने मागे पाडलेली पाठही तीच. कोणत्या अक्षरात आज किती खुर्च्या उघड्या ठेवायच्या, हे ताई आणि त्यांचं सॉफ्टवेअर मिळून ठरवत.

"तुझ्या नात्यात कोण जातं अमेरिकेला?" त्यांनी विचारलं.

माझी कोथरूडची मावशी आणि काका जातात. लेक न्यू जर्सीत, एडिसनला. मार्च संपत आला की दोघं निघतात, नातवंडांजवळ उन्हाळा काढतात आणि दिवाळीच्या आधी परत येतात. तिकीट तीन-चार महिने आधी काढलेलं. बॅगा चार, त्यात भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. दोघांनाही व्हीलचेअर हवी असते. गुडघे तसे बरे आहेत, पण दोहा नाहीतर फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेट शोधत फिरायची धास्ती. नॉनस्टॉप विमान खरं तर अशांसाठीच आहे असं मला वाटत होतं.

"त्यांना नॉनस्टॉप हवंच असतं," ताई म्हणाल्या. "पण त्यासाठी किती जास्त देतात?"

मी काकांना ओळखते. दहा हजार देतील. पंधरा म्हटलं की ते दोह्यात गेट शोधतील.

ताईंनी मला त्या मार्गाचा वर्षभराचा आलेख दाखवला आणि माझ्या मावशीसारख्या हजारो मावश्या त्यात रेघेच्या रूपाने दिसल्या. एप्रिल-मेमध्ये इथून जाणारी विमानं ओसंडून, तिकडून येणारी त्यामानाने हलकी. जूनअखेर तिकडच्या शाळांना सुट्टी, तेव्हा उलटा पूर. ऑगस्टमध्ये विद्यार्थी: एकेरी तिकीट, दोन जड बॅगा, परतीचा पत्ता नाही. डिसेंबरात लग्नं आणि नाताळची सुट्टी, येणारे भरपूर. फेब्रुवारीत कोणीच नाही. विमान मात्र दोन्ही दिशांना जावंच लागतं. जाताना भरलेलं विमान येताना निम्मं आलं तर जाणाऱ्यांच्या तिकिटातूनच परतीचं इंधन निघायला हवं, आणि तेच तर स्वस्त अक्षरात आधी विकून बसलेलो असतो.

"मग पैसे देतो कोण?"

त्यांनी स्क्रीनवर विमानाच्या पुढच्या, पडद्यापलीकडच्या भागाकडे बोट दाखवलं. जगभरात आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी शंभरातले जेमतेम पाच-सहा जण बिझनेस किंवा फर्स्ट क्लासने जातात, आणि प्रवासी उत्पन्नातला जवळपास तीस टक्के वाटा त्यांच्याकडून येतो. बँकेचा अधिकारी, औषध कंपनीचा माणूस, हिरेवाला. तो परवाच्या प्रवासाचं तिकीट आज काढतो आणि भाव विचारत नाही, कारण पैसे त्याच्या खिशातले नसतात. त्याच्या झोपण्याच्या खुर्चीला इकॉनॉमीच्या तीन-चार खुर्च्यांची जागा लागते हे खरं, पण वजन त्याचं एकाच माणसाचं. सोळा तासांच्या उड्डाणात हेच महत्त्वाचं.

आखाती कंपन्यांचं गणित मला इथेच उलगडलं. दोन उड्डाणं, दोन लँडिंग, दोन जेवणं, आणि तरी त्यांचं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट थेट विमानापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त. हे कसं परवडतं? समजा एखाद्या कंपनीची विमानं आशियातल्या दहा शहरांतून दुबई किंवा दोह्यात पहाटे येतात आणि पुढच्या दोन-तीन तासांत तीस शहरांना निघतात. मार्ग चाळीस, पण शहरांच्या जोड्या तीनशे. न्यूयॉर्कच्या विमानात मुंबईचे वीस, कोचीचे पंधरा, ढाक्याचे तीस, कराचीचे पंचवीस. फेब्रुवारीत मुंबईकर आटले तर ढाक्याचे येतात. आमच्या थेट विमानात मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोनच टोकं. एका टोकाला मंदी आली की भरायला तिसरं कोणी नाही. इंधनाचाही फायदा त्यांचाच, कारण मध्ये उतरल्याने कोणतंही विमान दुसऱ्या टप्प्याचं इंधन पहिल्या टप्प्यात वाहत नाही. आपण काय विकतो? चार-पाच तासांची बचत आणि दोह्यात गेट न शोधण्याची सोय. तिला किंमत आहे, पण काकांच्या हिशेबाने ती दहा हजार आहे.

अंतर तरी ठरलेलं असावं, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. नकाशावरचं अंतर आणि विमान कापतं ते अंतर यांचं फारसं जमत नाही. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० झालं आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी. येताना अटलांटिकवरून, तेही पूर्वेकडेच. एका चक्करीत पृथ्वीप्रदक्षिणा, आणि तीही काटकसरीसाठी! मी हे तीनदा ताडून पाहिलं.

वारा तरी ऋतूप्रमाणे वागतो. राजकारणाला ऋतू नाही. मुंबईहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया अशी वर जाते. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्द बंद ठेवली. त्यातल्या २ जुलैपर्यंतच्या काळात एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. युनायटेडने त्यात आपले काही भारतीय मार्ग थांबवले. तेव्हा भारतीय कंपनीला रशियाची वाट मोकळी होती आणि चार पैसे मिळत होते. मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा हद्द बंद केली. दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. हे वर्षभर चाललं तर सुमारे साठ कोटी डॉलरचा फटका बसेल असा एअर इंडियाचा अंदाज होता. त्याच वर्षी सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन बंद झालं. विमानांचा तुटवडा आणि हा वळसा, दोन्ही कारणं दिली गेली. तो तक्ता आठवून बघा: एक तास, सात-आठ टन.

योग्य विमान हाताशी असणं हीसुद्धा नशिबाची गोष्ट. एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ ला मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली, खास लांब पल्ल्याच्या ७७७-२००एलआरने. पुढच्याच जुलैत कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. ताफ्यातल्या आठांपैकी पाच एलआर पुढे एतिहादला विकली गेली. टाटांनी कंपनी घेतल्यावर अमेरिकेच्या फेऱ्या वाढवायच्या ठरल्या, तेव्हा त्याच जातीची विमानं, डेल्टाने वापरून बाजूला काढलेली, भाड्याने आणावी लागली. आणि स्वतः डेल्टाने मुंबई-न्यूयॉर्क सुरू केलं ते २०१९ च्या डिसेंबरात. मार्चमध्ये करोना.

खुर्च्यांच्या खालच्या मजल्याकडे माझं लक्ष उशिराच गेलं. साहेबांनी मला एका रात्री सहारच्या कार्गो संकुलात पाठवलं. तिथे आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळ्यांचे काका. काटा, फोर्कलिफ्ट, औषधांच्या थंड पेट्यांचा वेगळा कोपरा आणि हंगाम असल्याने आंब्याचा घमघमाट. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. आधी लासलगावला आणि मग वाशीला ती सोय झाली. हापूस-केशरच्या साडेतीन-साडेतीन किलोच्या पेट्या जाळीखाली रचून ठेवल्या होत्या. एक टन म्हणजे अशा पावणेतीनशेच्या वर पेट्या, किंवा सामानासकट दहा माणसं.

या कार्गोच्या काकांच्या हातातल्या कागदावर त्या रात्रीचा वारा आणि त्यावरून निघालेला पेलोड, म्हणजे नेता येणारं वजन, होता. त्यांनी आकडा वाचला आणि रचलेल्या एका पॅलेटवर खडूने फुली मारली. "हे उद्या," असं फोर्कलिफ्टवाल्याला सांगून माझ्याकडे वळले. "वरची माणसं कापता येत नाहीत, तिकीट दिलंय. म्हणून सुरी नेहमी आधी माझ्यावर." उद्या म्हणजे आंब्याचा एक दिवस कमी. निर्यातदाराच्या माणसाचा चेहरा पडला, पण तो भांडला नाही. हेही नेहमीचंच असावं.

एरवी मात्र हाच मजला मार्ग तारतो. कार्गोच्या काकांच्या मते फेब्रुवारीत वर माणसं नसतात तेव्हा खाली औषधं आणि कपडे असतात, आणि त्यांना खिडकीची जागा लागत नाही. फक्त ते सगळं सहसा एकाच दिशेने जातं. परत पाठवणं किती महाग पडतं, हे २०२५ च्या मेमध्ये आंब्यांनीच दाखवलं. कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय होते. निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट करू दिला. परतीचं भाडं आंब्यापेक्षा जड होतं.

या सगळ्यानंतर मी माझा फेऱ्यांचा तक्ता पुन्हा मांडला आणि त्यात मला एक सुंदर आकडा दिसला. आठवड्याचे तास १६८. एक चक्कर पस्तीस तासांची. चार चकरांचे १४० तास, वर देखभालीला २८ उरतात. रोज नको, आठवड्यातून चार दिवस चालवा; एकाच विमानात भागतं. पाच केल्या की १७५, दुसरं विमान आलंच. मी खुशीत कागद साहेबांपुढे ठेवला.

"छान," ते म्हणाले. "न्यूयॉर्कच्या बँकवाल्याची मीटिंग बुधवारी संपली आणि तुझं विमान शुक्रवारी आहे. तो काय करेल?"

दोह्यामार्गे जाईल. आणि एकदा गेला की त्याची बँक वर्षभराचा करार त्याच कंपनीशी करेल, कारण करार रोजच्या फेरीवाल्याशीच होतात. चार दिवसांच्या फेरीत मावशी-काका येतील. त्यांना बुधवार काय नि शुक्रवार काय. ज्याच्या जिवावर विमान उडायचं तोच येणार नाही. वर चारही वैमानिक न्यूयॉर्कच्या हॉटेलात पुढच्या फेरीची वाट बघत बसणार. आणि ते एकुलतं विमान एके दिवशी बिघडलं की पुढचा सगळा आठवडा कोलमडला.

शेवटी दोन्ही पर्याय पाठवले. चार दिवसांचा कमी तोट्याचा, पण तिथेच रुतून बसणारा; रोजचा सुरुवातीला जास्त तोट्याचा, पण पुढे वर येण्याची शक्यता असलेला. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं 'तोटा किती काळ सोसावा लागेल'. नव्या लांबच्या मार्गाला रुळायला वर्ष-दोन वर्षं लागतात असं ऑफिसात सगळेच म्हणत, म्हणून मी तिथे 'दोन वर्षं' लिहिलं. संध्याकाळी कागद परत आला. साहेबांनी त्या रकान्याला पेन्सिलीने गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं: तेल कोणत्या भावाने धरलंस? तीन भाव घे, आणि वाट मोकळी-वाट बंद असे दोन-दोन तक्ते कर. सोमवारी.